मुख्तारचाचांचे कान

आपल्याकडे सरकारी फॉर्म समोर आला की माणूस आधी पेन शोधतो, खरं काय ते नंतर. दिघाशी गावच्या पूर्वी नावाच्या मुलीचंही तसंच झालं, आणि ती काही लबाड नव्हती हो!

पूर्वी पीएच.डी. करत होती. विषय होता, भिवंडीतल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची ऐकण्याची क्षमता. सरकारची संशोधन शिष्यवृत्ती होती, तिच्यावरच शिक्षण चाललं होतं. सहामाही अहवाल उद्यापर्यंत गेला नाही तर शिष्यवृत्ती थांबणार होती. शंभर कामगारांचे कान यंत्राने तपासायचे, एकेकाला अर्धा तास. तपासून झाले अकराच, तेही नुकतेच कामाला लागलेले. बाकीच्यांशी ती समोर बसून बोलली. सगळ्यांनी धडाधड उत्तरं दिली, म्हणून घरी येऊन तिने त्यांच्या नावांपुढे सरसकट लिहून टाकलं, ‘ठीक’.

“पाठव ना आता,” तिचे वडील दौलत म्हणाले. “कोन बघाया येतंय? सरकारी कागद हाय तो!”

पूर्वीने मान डोलावली, पण तिच्या मनात पाल चुकचुकत होती. गेल्या आठवड्यात लूमवरून निघताना तिने तिथल्या जुन्या कामगाराला, पाठमोऱ्या मुख्तारचाचांना, हाक मारली होती. ते वळलेच नव्हते. कामात असतील, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

चाचांची सही राहिली होती, म्हणून दुपारी ती भिवंडीच्या निजामपुऱ्यात गेली. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट. पुढे चाचा चहाची किटली घेऊन निघाले होते आणि त्यांच्या मागून कापडाचे तागे भरलेला टेम्पो रिव्हर्स येत होता. हॉर्न वाजला, लोक ओरडले. चाचा आपले चालतच होते!

“चाचा!” पूर्वी धावली आणि तिने त्यांना दंडाला धरून ओढलं. किटली चाकाखाली चेपली.

“हॉर्न ऐकू नाही आला?” तिने विचारलं.

चाचा तिच्या तोंडाकडे बघत होते. “नाही बेटा. वीस साल झाली.”

“पण त्या दिवशी तर सगळी उत्तरं दिलीत!”

“तुझे होठ बघत होतो ना! लूमवर आवाज कुणाला ऐकू येतो? इथे सगळे होठ बघूनच बोलतात. तू पाठ फिरवलीस की मी बहिरा.”

पूर्वीने हातातले कागद उलटून पाहिले. एकोणनव्वद वेळा ‘ठीक’!

“माझ्या नावापुढे काय लिहिलंस?” चाचांनी विचारलं. तिने कागद पुढे केला. त्यांनी त्या ‘ठीक’वर नुसतं बोट ठेवलं. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

“माझा मुलगा तनवीर तीन साल झाली लूमवर आहे,” ते म्हणाले. “उद्या त्याचे कान गेले, त्याने इलाज मागितला, तर साहेब तुझा कागद दाखवेल. म्हणेल, सरकारने तपासलंय, सगळे ठीक आहेत. मग आमचं कोण ऐकेल? अगं, माचिस घेतली तरी आम्ही टॅक्स भरतो. त्याच पैशावर तू शिकतेस, आणि आम्हालाच खोटं पाडतेस?”

पूर्वीला रडू कोसळलं. तिने तिथेच माधवी मॅडमना, आपल्या मार्गदर्शकांना, फोन लावला. “मॅडम, अकराच खरे आहेत. बाकीचं मी मनाने लिहिलंय.”

पलीकडून उत्तर आलं, “शिष्यवृत्ती थांबेल, पूर्वी. परत कधी सुरू होईल, मी सांगू शकत नाही.”

“थांबू दे, मॅडम.”

शुक्रवारी लूम बंद होते. यंत्राचे हेडफोन लावून चाचा पाठमोरे बसले. आवाज आला की बोट वर करायचं. पूर्वी आवाज वाढवत गेली. बोट मांडीवरच राहिलं. मग तनवीर बसला, बावीस वर्षांचा. त्याचं बोट वर आलं, पण फार उशिरा, आवाज खूप वाढवल्यावर.

वाचकहो, शिष्यवृत्ती हे बक्षीस नव्हे, लोकांनी विश्वासाने सोपवलेलं काम आहे. तुमच्याही समोर कधी असा रिकामा रकाना येईल आणि कुणी म्हणेल, कोण बघतंय? तेव्हा ‘ठीक’ लिहिण्याआधी त्या माणसाच्या पाठीमागे उभे राहा आणि एकदा हाक मारून बघा.