सातवा स्क्रू

पानेमामांनी लाकडी दांडका कागदाच्या रोलवर आपटला, कान पुढे केला आणि वीतभर सरकून पुन्हा आपटला. टण, टण, टण. सातव्या ठोक्याला आवाज भसकन बदलला. त्यांनी तिथून तळहात फिरवला. रोलला चक्क टेंगूळ आलं होतं.

"सातव्या स्क्रूखालीच ना?" जावयाने विचारलं.

"हो. आणि तेही आजच. तीनला साहेब रोल बघायला येणार."

मामा बारा दिवसांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी मशीन जावयाच्या हाती द्यायचं की बाहेरून माणूस आणायचा, ते आजच्या रोलवर ठरणार होतं. या मशीनवर त्यांनीच त्याला घडवलं. लग्नाआधी ते त्याला "अरे गाढवा" म्हणत, मांडव उतरल्यापासून "अहो" म्हणू लागले, तेव्हा अख्खा कारखाना आठवडाभर हसत होता.

त्यांचं लक्ष राहून राहून मशीनच्या तोंडाशी असलेल्या पेटीकडे जात होतं. हेडबॉक्स. पाण्यासारखा पातळ लगदा या पेटीत येतो आणि लांब, अरुंद फटीतून धावत्या जाळीवर पडतो. पाणी गळून जातं, उरतो तो कागद. फटीच्या वरच्या काठाला पोलादी पट्टी असते आणि तिच्यावर चाळीस स्क्रू. स्क्रू आवळला की पट्टी तिथे केसभर खाली वाकते, कागद पातळ होतो; सैल केला की जाड. एकाला दाबलं की शेजारचे दोघे फुगतात. म्हणून नियम असा की ज्याने स्क्रूला हात लावला, त्याने वहीत लिहायचं.

मामांचा हात खिशात गेला. तिथे त्यांचा स्वतःचा छोटा पाना असे, त्यावरूनच त्यांना नाव पडलं होतं. जित्याची खोड. रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या फाटकाची सैल कडीसुद्धा ते घट्ट करून पुढे जात. लेकीच्या घरी भिंतीवरची तसबीर नेहमी वाकडी असे. आल्या आल्या ती सरळ करायची, "एक वस्तू धड नाही या घरात" म्हणायचं आणि मगच चहा घ्यायचा.

"सकाळपासून तीनदा आवळला," जावई म्हणाला. "पट्टी ऐकतच नाही. तिथेच मोडून बसलीय."

मामांचा हात खिशातच थांबला. पट्टी अशी एका दिवसात मोडत नाही. रोज खाली-वर, खाली-वर वाकवली तर मोडते.

साहेब तीनला आले. त्यांनीही रोलवरून हात फिरवला आणि टेबलाशी बसून वही उघडली. एकेका ओळीवर बोट ठेवत ते वाचत गेले.

"सातवा, अर्धा फेरा सैल. पाळी संपताना. रोज हेच, एकोणीस दिवस." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "रोज सैल करत गेलास तर एव्हाना स्क्रू निघून हातात यायला हवा होता. मध्ये आवळतं कोण?"

मामांनी जावयाचं पान कधी वाचलं नव्हतं. जे हाताला कळतं ते वाचायचं कशाला? जावयाची सकाळपाळी संपली की मामांची पाळी लागे. आल्या आल्या सातवा सैल लागायचा, ते तो गुपचूप आवळायचे. पोराची चूक वहीत नको, म्हणून सुबक अक्षरात लिहायचे : काही बदल नाही.

"मीच आवळतो," जावई म्हणाला. "सकाळी आल्यावर. लिहायचं राहून जातं."

"एकोणीस वेळा? मग तुझ्या हाती मशीन कसं देऊ?"

मामांना जावयाचा राग आला, दया आली, आणि मग स्वतःची मनस्वी लाज वाटली. एकतीस वर्षांत त्यांच्या पानावर एक डाग नव्हता. त्यांनी खिशातला पाना काढला आणि उघड्या वहीवर ठेवला.

"तो खोटं बोलतोय साहेब. मी आवळायचो. रोज."

साहेबांनी पाना उचलला.

"पट्टी बदलून घे," ते जावयाला म्हणाले. "परवा नवा रोल दाखव. मामा, तुम्ही उरलेले दिवस गोदामात बसा." पाना ते घेऊन गेले.

दोघे जिन्याशी आले तेव्हा मामा थांबले.

"रोज सैल कशाला करत होता हो?"

जावयाने कपाळावरचा घाम पुसला.

"तुम्ही आल्यावर सगळ्याच स्क्रूंना हात लावायचात, मामा. मग एक तुमच्यासाठी सैल ठेवायला लागलो. तो आवळला की तुम्ही शांत बसायचात. बाकीचे एकोणचाळीस वाचायचे." तो अडखळला. "ही युक्ती माझी नाही. घरातूनच मिळाली."

रेलिंगचा एक बोल्ट सैल होता. मामा तिकडे न बघता जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी गोदामातून सुटल्यावर ते लेकीकडे गेले. तिला सगळं कळलेलं होतं. ती चहा टाकायला आत गेली. समोर तसबीर डावीकडे कललेली होती, नेहमीइतकीच, अंगठाभर. मामांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

लेक चहा घेऊन आली. तिने तसबिरीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. कप टेबलावर ठेवला, भिंतीपाशी गेली आणि स्वतःच्या हाताने ती सरळ केली.