पिलिपोचे तीन जन्म

नोहेआच्या बापाने हॉटेलांत उकुलेले, ती चिमुकली गिटार, वाजवत आणि पाहुण्यांना थापा मारत जन्म काढला. थापाच त्या, दुसरं काय! एका वर्तमानपत्राला सांगितलं, मी जहाजावर जन्मलो. दुसऱ्याला, मी राजघराण्यातला. तिसऱ्याला तर, शार्कने मला किनाऱ्यावर आणून सोडलं. तेव्हाचे सगळेच वादक असं करत; मॅनेजरलाही तेच हवं असायचं.

आता बाप, पिलिपो काआवा, मरून गेला होता, आणि होनोलुलूचा रेकॉर्ड कंपनीवाला ओशिरो जुन्या ध्वनिमुद्रिका नव्याने काढायला नोहेआच्या गावी, हिलोत आला होता. त्यातल्या एका गाण्यावर बापाचं नाव यावं, एवढंच नोहेआला हवं होतं. आई शेवटच्या आजारात असताना बापाने ते तिच्यासाठी घराच्या ओसरीवर रचलं होतं.

"बाई, तीनदा जन्मलेल्या माणसाचं मी काय खरं धरू?" ओशिरो म्हणाला. "बँडमधलं कोणी हयात आहे?"

होते. मोकेकाका. गाणं रचलं तेव्हा बापाच्या शेजारीच बसलेले. नोहेआने त्यांना आधीच बजावलं, "काका, घडलं तेवढंच सांगा हं. तिखटमीठ नको."

"मी काय खुळा आहे का गं?"

पण ओशिरो समोर बसला, टेप सुरू झाला आणि म्हाताऱ्याला चेव चढला. दारी आलेल्या परक्याची कोरड्या हकिकतीवर बोळवण करायची म्हणजे त्या पिढीला अब्रू गेल्यासारखं वाटतं.

"पिलिपो? अहो, डोंगर फुटला होता! लाव्हा पार दारात! हा पठ्ठ्या उकुलेले घेऊन पुढे झाला, हे गाणं म्हटलं, आणि लाव्हा वळला की हो!"

"काका!" नोहेआ ओरडली. "आई आजारी होती, ते सांगा ना!"

"होती की. लाव्हा वळलेला बघून खडखडीत बरी झाली."

आई त्याच आठवड्यात गेली होती. ओशिरोने टेप बंद केला, काकांचे हात हातात घेऊन आभार मानले आणि तो निघून गेला.

काही महिन्यांनी तबकडी आली. गाण्यापुढे छापलं होतं, 'रचनाकार अज्ञात'. खाली लाव्ह्याची अख्खी गोष्ट, दंतकथा म्हणून. तिच्यातही पिलिपो नव्हता, 'एक स्थानिक वादक' होता.

तेवढ्यात काकांचा फोन आला. "नातीने वाचून दाखवलं गं! माझा शब्दन् शब्द छापलाय! केला की नाही तुझ्या बापाला अमर?"

"केलात, काका," नोहेआ म्हणाली. फोन ठेवला, आणि ओसरीवर उभं राहून तिने मेलेल्या बापाला तोंडभर शिव्या दिल्या.