कुलपाचा कायदा

“कुमुदताई, सही मात्र मागू नका,” चहाचा कप पुढे सरकवत दर्शना म्हणाली. “इथे परमिशनशिवाय सह्या गोळा करणं म्हणजे नसती आफत. ह्यांचा व्हिसा रिन्यूला गेलाय. उद्या ऑफिसात कुणी विचारलं तर काय सांगायचं?”

“सही नकोच आहे,” कुमुद म्हणाली. “तुम्ही तुमच्या ईमेलवरून तिकडच्या आमदारांना चार ओळी लिहायच्या. माझा मुलगा तुमच्या राज्यात शिकतो. तो भाड्याने राहतो त्या घरात बंदूक असेल, तर ती कुलपात असावी. एवढंच. कुठे पाठवायचं तो पत्ता मी देते.”

“आणि आमच्या परेशच्या अमेरिकेतल्या व्हिसावर काही आलं म्हणजे?”

आतल्या खोलीतून दर्शनाची मुलगी सान्वी ओरडली, “मम्मा, इट्स जस्ट अ मेल! आय विल टाइप इट.”

“तू गप्प गं.”

कुमुदने चहा संपवला. अजमानहून दोन बस बदलून ती दुबईतल्या ऊद मेथाला आली होती आणि सकाळपासूनचं हे पाचवं घर होतं. पहिल्या चार घरांपैकी दोघींनी तिच्यासमोरच ईमेल पाठवली, एकीने ‘नवऱ्याला विचारून सांगते’ म्हटलं आणि एकीने दारच उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता. कुमुदला कुणाचाच राग आला नाही. रागाला अंगात जोर लागतो. शिवाय दर्शनावर ती रागावूच शकत नव्हती. पर्णिका गेल्यानंतर तेरा दिवस दोन्ही वेळचा डबा हिच्याच घरून अजमानला येत होता.

“विचार करा,” एवढं म्हणून ती उठली.

पर्णिका कुमुदची एकुलती एक मुलगी. अजमानात वाढली, इथल्याच शाळेत शिकली आणि स्कॉलरशिप मिळवून मास्टर्स करायला अमेरिकेला गेली. तिथे मेगन नावाच्या एका बाईच्या घरात वरची खोली तिने भाड्याने घेतली होती. मेगनला सहा वर्षांची मुलगी होती, ऑड्री. पर्णिकाचा फोन आला की तिचं नाव हटकून यायचं. “आई, आज तिला पोहे खाऊ घातले.” “आई, आज तिच्या दोन वेण्या घातल्या, शाळेत सगळे बघत राहिले म्हणे.” दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका दुपारी ऑड्री बापाचं पिस्तूल हातात घेऊन वरच्या खोलीत गेली आणि ते उडालं. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. घरात बंदूक उघडी ठेवणं हा त्या राज्यात गुन्हा नव्हता.

त्यानंतर मेगनच्या तीन ईमेल आल्या. कुमुदने एकही उघडली नाही आणि पुसूनही टाकली नाही.

कुमुद अजमानच्या एका शाळेच्या बसवर मावशीचं काम करायची. पहाटे साडेचारला उठायचं, साडेपाचला बसमध्ये चढायचं, बेचाळीस मुलांना एकेक करून सीटवर बसवायचं, पट्टे लावायचे, उलट्या पुसायच्या, भांडणं सोडवायची. गाडी रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं आणि मागच्या खिडकीशी असलेलं बटन दाबायचं. ते दाबेपर्यंत भोंगा थांबत नाही. कुणी पोर झोपून गाडीत राहू नये म्हणून हा नियम. अकरा वर्षांत एकदाही कुणी राहिलं नव्हतं, तरी वाकणं चुकलेलं नव्हतं. अलीकडे वाकलं की कंबर सरळ व्हायला वेळ लागायचा. ड्रायव्हर यहया पुढून हाक मारायचा, “यल्ला, चलो कुमुद सिस्टर, सब खाली है ना?” ती म्हणायची, “खलास. खाली है.”

पर्णिका गेल्यावर महिन्याभराने ती कामावर परतली, तेव्हा पहिला आठवडा तिला मुलांच्या हातांकडे बघवत नव्हतं. पहिलीतल्या मुलांचे हात किती लहान असतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा त्या हातांनी उघडत नाही.

मग लोरेनचा फोन आला. लोरेन त्या राज्यातल्या आयांची संघटना चालवायची. तिचा स्वतःचा मुलगा बारा वर्षांपूर्वी गेला होता. संघटना म्हणजे कचेरी वगैरे काही नाही. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमलेल्या वीस-पंचवीस बायका. घरातली बंदूक कुलपात ठेवलीच पाहिजे, असा कायदा व्हावा म्हणून त्या चार वर्षं आमदारांच्या पायऱ्या झिजवत होत्या. कायद्याचा मसुदा तयार झाला की समिती तो कपाटात टाकायची. लोरेन म्हणाली, बाहेरून आलेली हजारो मुलं इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यांच्या आयांचं कुणी ऐकलेलंच नाही.

त्या दिवसापासून कुमुदचे शनिवार-रविवार गेले. शारजा, दुबई, कधी अबुधाबी. कुणाचं लेकरू त्या राज्यात आहे हे ती महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरून, भिशीतून, शाळेतल्या ओळखीतून शोधून काढायची. सतरा आयांनी ईमेल पाठवल्या. सतरा म्हणजे काहीच नाही, हे तिलाही कळत होतं.

नवरा सूर्यकांत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होता. मूळचा संगमेश्वरकडचा, आधीच कमी बोलणारा. आता तर जवळजवळ गप्पच झालेला. रविवारी ती चपला काढून पाय चोळत बसली की तो गरम पाण्याची बादली आणून तिच्यापुढे ठेवायचा. एकदाच म्हणाला, “कायदा झाला म्हणून आपली पोरगी येणाराय का?”

“नाही येणार.”

“मग?”

“मग काय? घरात बसूनही येणार नाही, अहो.”

फेब्रुवारीत समितीची सुनावणी ठरली. तिथले सकाळचे नऊ, इथले संध्याकाळचे सहा. कुमुदला व्हिडिओवरून बोलायला दोन मिनिटं मिळणार होती. सुनावणीच्या तीन दिवस आधी लोरेनने बोलणाऱ्यांची यादी पाठवली. कुमुदचं नाव सातवं होतं. सहावं नाव मेगनचं.

तिने लगेच फोन लावला. “ही कशी काय यादीत?”

“ती वर्षभर आमच्याबरोबर आहे,” लोरेन सावकाश म्हणाली. “तुला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. तू म्हणालीस तर मी तिला बोलू नकोस म्हणून सांगते. ती थांबेल.”

कुमुदने फोन ठेवला. रात्री तिने सूर्यकांतला सांगितलं.

“तू बोलू नकोस मग,” तो म्हणाला. “तिच्या मागोमाग कशाला उभं राहायचं आपण? माफ केल्यासारखं दिसेल ते.”

“माफ नाही केलेलं.”

“मग नको ना बोलूस.”

दुसऱ्या दिवशी मुलांना सोडून झाल्यावर तिने लोरेनला दोन शब्द पाठवले. ‘राहू दे.’ मेगनला राहू दे, असा त्याचा अर्थ होता. लिहून झाल्यावर तिला वाटलं, आपण हे दमल्यामुळे लिहिलं की काय. असेलही.

बुधवारी ती साडेपाचलाच केस विंचरून, निळी साडी नेसून जेवणाच्या टेबलाशी बसली. सूर्यकांतने लॅपटॉपखाली दोन जाड डायऱ्या ठेवल्या, म्हणजे चेहरा नीट दिसेल. स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. सहा वाजले. समितीपुढे आधी एका पुलाच्या नावाचा विषय निघाला. मग शिकारीच्या परवान्याचा. पावणेआठ वाजता अध्यक्षांनी सांगितलं की वेळ कमी उरलाय, प्रत्येकाला आता एकच मिनिट मिळेल.

कुमुदने लिहून ठेवलेला कागद पाहिला. सान्वीने तिला त्याचं इंग्रजी तपासून दिलं होतं, आईला न सांगता. ते बरोबर दोन मिनिटांचं होतं.

सहावी मेगन उठली. कुमुदने तिला पहिल्यांदाच पाहिलं. वाटली होती त्याहून वयाने खूपच लहान निघाली. तिशीची असेल. माइक खाली ओढून ती बोलायला लागली.

“पिस्तूल माझ्या नवऱ्याचं होतं. पलंगाजवळच्या खणात असायचं. मला माहीत होतं. त्या दिवशी माझी मुलगी रबर बँड शोधत होती. वर पर्णिका तिच्या वेण्या घालणार होती. खणात रबर बँड होते, त्यांच्याखाली ते होतं. तिला वाटलं खेळणं आहे. ती पर्णिकाला दाखवायला घेऊन गेली.” ती थांबली. “मी वाईट आई नाही असं मला वाटायचं. आता काय वाटतं ते एका मिनिटात सांगता येणार नाही.”

दारातून सूर्यकांतचा श्वास ऐकू आला. हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. पोलिसांच्या कागदात रबर बँड कुठेच नव्हते. ते त्या न उघडलेल्या ईमेलमध्ये असणार.

पुढचं नाव कुमुदचं पुकारलं गेलं. पडद्यावर तिचा चेहरा मोठा झाला. हातातला कागद तिला वाचता येईना. तिने तो उलटा करून ठेवला आणि तिला येत होतं त्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

“मी पर्णिकाची आई. शाळेच्या बसवर काम करते. माझ्या बसमध्ये बेचाळीस मुलं आहेत. सगळी उतरली की मी शेवटपर्यंत चालत जाते, प्रत्येक सीटखाली बघते आणि एक बटन दाबते. रोज दोनदा. मी चांगली बाई आहे की वाईट, असं मला कुणी विचारत नाही. नियम आहे म्हणून बघते. कारण चांगली माणसंसुद्धा विसरतात. माझ्याआधी बोलली ती बाई विसरली. तिला बटन दाबायला लावणारं कुणी नव्हतं. तुम्ही होऊ शकता.”

“थँक यू, मॅम,” अध्यक्ष म्हणाले. अजून दहा-बारा सेकंद शिल्लक होते.

आठ वाजून वीस मिनिटांनी मतदान झालं. पाच बाजूने, सहा विरुद्ध. लोरेनचा मेसेज आला, ‘गेल्या वेळी तीन होते. पुढच्या जानेवारीत पुन्हा.’

सूर्यकांतने लॅपटॉप बंद केला. “पाच झाले,” तो म्हणाला. मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिला.

त्या आठवड्यात कुमुदने मेगनच्या तिन्ही ईमेल वाचल्या. रबर बँड दुसरीत होते. उत्तरात तिने एकच ओळ लिहिली, ‘ऑड्रीच्या वेण्या आता कोण घालतं?’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘कुणी नाही. तिने केस बारीक कापायला लावले.’ ते उत्तर कुमुदने तसंच ठेवून दिलं.

जूनमधल्या एका रविवारी ती अबुधाबीला मृणालिनी नावाच्या एका बाईंकडे गेली. नवरा बँकेत, मुलगा ऑगस्टमध्ये त्याच राज्यात शिकायला जाणार, एवढंच ग्रुपवरून कळलं होतं. स्टॉपपासून इमारतीपर्यंत चालताना उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली. दार उघडताच मृणालिनीने तिच्या हातावर पेढा ठेवला.

“या या! ॲडमिशनचे आहेत. पुण्याहून मागवलेत. तुमचंही कुणी तिकडे आहे ना? ग्रुपवर वाचलं तुमचं नाव. बरं झालं आलात, मला विचारायचंच होतं, तिकडे काय काय न्यावं लागतं?”

दिवाणखान्यात दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. गाद्यांच्या खोळी, लोकरीचे मोजे, स्टीलचे डबे. मृणालिनीच्या हातात वही होती आणि चेहरा नुसता फुललेला. पेढा घेऊन कुमुद खुर्चीच्या कडेवर बसली. ईमेलचा पत्ता लिहिलेला कागद पर्समध्येच राहिला. तो काढायचा तर पर्णिकाचं सगळं सांगावं लागणार, आणि मग ह्या बाईला आज जेवण जाणार नाही.

“माझी मुलगी होती तिकडे,” ती म्हणाली.

होती म्हटल्यावर मृणालिनीने वर पाहिलं. पण कुमुदने पुढचं बोलणं लगेच सुरू केलं.

“मुलगा राहणार कुठे? हॉस्टेलमध्ये की कुणाच्या घरी?”

“घरी. एका फॅमिलीकडे रूम घेतलीय. खूप छान लोक आहेत, व्हिडिओवर बोललो आम्ही.”

“असतीलच छान. त्यांना एक गोष्ट विचारून घ्या. लाजायचं नाही. घरात बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात ठेवता का.”

मृणालिनी हसायला गेली. कुमुदचा चेहरा पाहून हसू तिच्या ओठांवरच थांबलं. मग तिने वही मांडीवर घेतली. कुकर, गोडा मसाला, चष्म्याचे दोन जोड, असं लिहिलं होतं. त्याखाली तिने नवा आकडा टाकला आणि खालमानेने विचारलं,

“कसं विचारायचं? तुम्ही सांगा, मी लिहून घेते.”

कुमुद सावकाश सांगत गेली.