बहात्तरावं अक्षर

"काका, ओळी तुमच्याच मशीनीत मोडत्यात. हे बघा, माझ्यात सरळ हायत." मालकांच्या पोरानं, अनुजनं आपला मोबाईल पार्श्वनाथ उपाध्यांच्या नाकासमोर धरला.

आजऱ्याच्या काजू कारखान्यातून रोज येणारी यादी होती ती. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, सगळं एका ओळीत. शाहूपुरीतल्या मुख्य कचेरीत पार्श्वनाथ मात्र पंचवीस वर्षं तोच काळ्या पडद्याचा, नुसती अक्षरं दाखवणारा मेलचा प्रोग्राम धरून बसलेले. त्यात प्रत्येक ओळ बहात्तराव्या अक्षरापाशी मोडे आणि पोत्यांचा आकडा खालच्या नावाला जाऊन चिकटे.

ओळ मोडायचा हा बहात्तरचा आकडा मशीनीत घातला कुणी? त्यांनीच. तेव्हा पडदा अरुंद होता. घालून विसरले, आणि खापर फोडलं यादी पाठवणाऱ्या निशिगंधावर.

तेही सगळ्या कचेरीसमोर, फोनचा स्पीकर लावून. "बहात्तर अक्षरांत ओळ बसवायची अक्कल न्हाय व्हय तुला?" "मी न्हाय मोडत, सर," पोरगी म्हणाली होती. ते त्यांना उलट बोलणं वाटलं. त्यांनी तिच्याविरुद्ध शेरा लिहिला, आणि तिला लिखाणावरून काढून काजू सोलायला बसवलं गेलं. तिच्या जागी दुसरा माणूस आला, तरी ओळी मोडतच राहिल्या.

पार्श्वनाथांना लाजेनं मान वर करवेना. तरी उठून ते आधी मालकांकडे गेले, चूक सांगून आले, आणि मग सगळ्यांदेखत स्पीकर लावून त्यांनी आजऱ्याला फोन केला.

"निशिगंधा, चूक माझी हुती. मला क्षमा कर."

"मागितलीसा की, सर," ती शांतपणे म्हणाली. "भादव्यात. मेल आलता."

जैनांचं पर्युषण संपलं की ते दरवर्षी 'उत्तम क्षमा' एकाच मेलनं सगळ्यांना धाडत. त्यात हिचंही नाव होतं.

"तो मेल सोड," ते कसंबसं म्हणाले. "उद्यापासनं यादी तूच पाठव. ओळ कितीबी लांब असू दे, मी आकडा काढून टाकलाय."

"बरं. बोटं काजूच्या टरफलाच्या जहाल तेलानं सोलल्यात, टायपाय जरा येळ लागंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी यादी आली. एकही ओळ मोडलेली नव्हती. पण आकारामचं 'आका.' झालं होतं, बाळाबाईचं 'बाळा.' गावांचीही नुसती पहिली अक्षरं. पोरीनं अजूनही बहात्तरच्या धास्तीनं ओळ आखूड ठेवायला माणसंच छाटली होती.

पार्श्वनाथांनी चष्मा पुसला आणि एकेक नाव पुरं लिहायला घेतलं.