तिसऱ्या मजल्याची कडी

"लिफ्ट!" घोळक्यातलं सगळ्यात धाकटं पोर ओरडलं आणि मिस्त्रींच्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थांबला.

इमारतीच्या अंगणात मुलांचा खजिनाशोध अगदी रंगात आला होता. कोड्यांच्या चिठ्ठ्या दरवर्षी लिफ्टमिस्त्रीच लिहीत. यंदाच्या तिसऱ्या चिठ्ठीवर तर ते स्वतःवरच खूश होते:

‘चढणं नि उतरणं हाच माझा धंदा,
घराबाहेर पाऊल नाही, मागे ना यंदा.’

उत्तर होतं पारा. तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याबाहेर भलामोठा तापमापक टांगलेला होता, त्यातला. ‘धंदा’ला ‘यंदा’ जुळवायला बिचाऱ्यांनी दोन संध्याकाळी डोकं खाजवलं होतं. आणि सगळा जन्म लिफ्टपायी घालवलेल्या या माणसाला त्या ओळींत लिफ्ट काही दिसली नव्हती! त्यांच्या लेखी लिफ्ट म्हणजे दोर, कप्प्या, वजनं आणि नखांत बसलेलं ग्रीस. चढणारी-उतरणारी लिफ्ट ती लोकांची.

"पिटुकली कुठाय?" त्यांनी विचारलं. पिटुकली म्हणजे त्यांची नात.

"ती कधीच वर पळाली. चिठ्ठी वाचली नि सुटलीच," एक मोठी मुलगी म्हणाली. "लिफ्टच ना, आजोबा?"

मिस्त्रींनी कप तिथेच टेकवला. मुलं मध्येच अडकायला नकोत म्हणून सकाळी त्यांनीच लिफ्ट अगदी वरच्या मजल्यावर नेऊन बंद केली होती. म्हणजे खाली नुसती पोकळी. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराची कडी झिजलेली. लिफ्ट समोर नसली तरी दोन हिसक्यांत ते दार उघडत होतं. हे त्यांच्या परवाच लक्षात आलं होतं. बघू सोमवारी, म्हणून त्यांनी टाळलं होतं.

"कुणीही इथून हलायचं नाही!" ते असे ओरडले, की मुलं मटकन खाली बसली.

मिस्त्री जिना चढत सुटले. एरवी पहिल्याच मजल्यावर कुरकुरणारे गुडघे आज त्यांना आठवलेसुद्धा नाहीत. "पिटुकले! ए पिटुकले!" उत्तर नाही. कालच लेक तिला सोडून गेली होती. "बाबा, लक्ष ठेवा हं, फार उपद्व्यापी आहे," असं म्हणाली होती. त्यावर हे हसून म्हणाले होते, "अगं, माझ्याइतकी ही इमारत कोणाला ठाऊक आहे?"

तिसरा मजला. लिफ्टचं दार बंद होतं. दारासमोर पिटुकलीची एक चप्पल पडली होती.

एकच.

त्यांनी दार ओढलं. ते मुकाट उघडलं. खालून गार वारा आला. चौकटीला धरून ते वाकले, पण अंधारात काही दिसेना. पुन्हा हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारली आणि ओ आली नाही तर?

"आजोबा, तिथे नका जाऊ! तिथे लिफ्टच नाहीये!"

त्यांनी मागे वळून पाहिलं. जिन्याच्या आडोशाला, दवाखान्यातून ओढत आणलेल्या स्टुलावर पिटुकली उभी होती. एक पाय अनवाणी, हातात तापमापकामागून काढलेली पुढची चिठ्ठी.

"मलापण आधी लिफ्टच वाटली," ती सांगू लागली. "दार उघडलं, तर आत काळंकाळं. मग म्हटलं, तुम्हीच सांगता ना, पहिलं सुचेल ते उत्तर सोडून द्यायचं म्हणून! दार लावताना चप्पल निघाली. मग आतून स्टूल ओढत होते, हाक ऐकूच आली नाही."

मिस्त्रींनी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून ते खालीच बसले. तिला जवळ घेतलं आणि लहान मुलासारखे रडले.

"तुम्ही घाबरलात?"

"हो गं. फार घाबरलो."

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून पिटुकलीच्या आजी वर आल्या. पन्नास पायऱ्या चढून धापा टाकत म्हणाल्या, "अहो, झालं तरी काय? उठा बघू."

"हे दार नीट झाल्याशिवाय मी इथून उठत नाही. माझी पेटी आण."

पेटी आली. वरच्याच कप्प्यात नवी कडी होती, परवापासून कागदात गुंडाळून ठेवलेली. मिस्त्रींनी कागद सोडला.

खाली मुलं अजून चौथ्या चिठ्ठीची वाट बघत होती. वर पिटुकली तळहातावर स्क्रू घेऊन उभी होती. मिस्त्रींनी पहिला स्क्रू लावला, तो निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. आयुष्यभरात त्यांनी असे हजारो स्क्रू बसवले होते.

"सावकाश, आजोबा," पिटुकली म्हणाली आणि घरंगळलेला स्क्रू तिने उचलून पुन्हा त्यांच्या हातावर ठेवला.