डेमोतला रुमालवाला

अमृतराव सरांचं पोट दुखत होतं, अन् हे दुखणं ओव्यानं जाणारं नव्हतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात पोरांना इंग्रजी शिकवून त्यांनी लातुरात नाव कमावलं. आता समोरच्याच गल्लीत कंधारचा यासेर, कालचं पोरगं, क्लास थाटून बसला, अन् सरांचे बाक धूळ खाऊ लागले. यंदा बॅच भरली नाही तर शटर ओढून रेणापूरला शेतावर जाणं आलं.

त्यात शेषेराव म्हणाले, "सर, सत्यमला तुमच्याकडंच टाकायचंय. पण एकदा तिकडचा डेमो बघतो." सत्यम त्यांचा पोरगा, तालुक्यात पहिला आलेला. तो जिकडं, तिकडं अर्ध्या गावाची पोरं.

डेमो म्हणजे फुकटचं लेक्चर. पोरं पुढं, आईबाप मागं. सर तोंडाला रुमाल गुंडाळून आईबापांत जाऊन बसले. मनात एकच, हा आज आपटावा.

यासेर लॅटिनमधून आलेले उपसर्ग शिकवत होता. 'इन' लागला की नकार. व्हिजिबल म्हणजे दिसणारं, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं. पोरं माना डोलवत होती. सरांचा नुसता जळफळाट! हेच आम्ही शिकवलं तर जांभया, अन् ह्याला टाळ्या?

तेवढ्यात सत्यम उठला. "सर, व्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान. मग इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकामाचं का?"

यासेर गडबडला. "हाव... म्हणजे, तसंच."

"पण डिक्शनरीत तर लई मौल्यवान म्हणून दिलंय!"

मागं कुजबुज सुरू झाली. शेषेराव पिशवी उचलून उठलेच. सापडला लेकाचा! सरांना आता फक्त गप बसायचं होतं.

पण चुकीचं उत्तर ऐकून गप बसेल तो अमृतराव कसला! रुमाल ओढून ते ताडकन उभे राहिले. "अरे, नकार हायच! व्हॅल्यू म्हणजे मोल करणं. ज्याचं मोल करताच येत न्हाई, ते इनव्हॅल्युएबल. आपण अमूल्य म्हणतो, त्यातला 'अ' बी नकाराचाच की. मग अमूल्य म्हणजे फुकटचं का रे?"

टाळ्यांनी क्लास दणाणला. सगळ्यांत जोरात टाळ्या यासेरच्या.

शेषेराव हरखून गेले. "अमृतराव सर! तुम्ही दोघं एक झालात व्हय? मग इचारच संपला!"

"अहो, तसं न्हाई..." सर म्हणाले, पण ऐकतंय कोण? शेषेराव ॲडमिशनच्या टेबलाशी पोचले होते, अन् त्यांच्यामागं रांग लागली होती.

"आमच्या सत्यमला," शेषेराव टेबलावर हात आपटून सांगत होते, "ह्या रुमालवाल्या सरांच्याच बॅचला टाका!"