मागच्या उजव्या कोपऱ्यातली पावलं

सासूबाई सिनेमा बघायला बसल्याच नव्हत्या. त्या स्वतःची पावलं ऐकायला बसल्या होत्या.

सून घरातल्याच मागच्या खोलीत सिनेमांना आवाज जोडायचं काम करायची. या सिनेमात एक मुलगा न सांगता घर सोडतो आणि त्याची म्हातारी आई त्याच्यामागे जिना उतरते. पडद्यावर दिसते ती नुसती रिकामी खोली. म्हातारी दिसत नाही, फक्त ऐकू येते, बघणाऱ्याच्या पाठीमागून. ती पावलं सासूबाईंची. जुन्या चपला घालून, गुडघ्यांचा उद्धार करत, सुनेचं समाधान होईपर्यंत त्या इमारतीचा जिना उतरल्या होत्या. दिग्दर्शकानं शब्द दिला होता, "ताई, तिथं फक्त पावलं. संगीताचा एक सूर नाही."

तयार सिनेमा आज दुपारी हाती आला. सुनेनं तो कॉम्प्युटरच्या साध्या प्लेअरवर लावला आणि आवाज ऑडिओ इंटरफेसमधून सोडला. इंटरफेस म्हणजे टेबलावरची चपटी पेटी, तिच्या पाठीतून सहा वायरी खोलीभरच्या स्पीकरांना गेलेल्या. मधली खुर्ची सासूबाईंना.

"अगं, हा माणूस खिडकीशी उभा राहून का बोलतोय?" त्यांनी विचारलं.

माणूस पडद्याच्या मधोमध होता. आवाज मात्र खिडकीजवळच्या उजव्या स्पीकरातून येत होता. सुनेच्या कपाळाची शीर उडायला लागली. तरी ती दम धरून बसली, जिन्याचा प्रसंग येईपर्यंत. तो आला. रिकामी खोली दिसली आणि कोपऱ्यातल्या धमधम करणाऱ्या मोठ्या स्पीकरात, गादीखाली उंदीर फिरावा तसं काहीतरी झालं. पावलं म्हणून तेवढंच.

"माझी पावलं?"

"खाल्ली, आई. गिळून बसलेत."

सुनेनं फोन लावला. राग आला की ती एरवी 'तू' म्हणायच्या माणसालाही अहो-जाहो करायची, त्यामुळे घरातले तिच्या 'तुम्ही'ला घाबरून असत. "आपण फार मोठे झालात," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "माणसं खिडकीतून बोलायला लागली, पावलं गटारात गेली. आपल्या लोकांना डावं-उजवं कळत नसेल तर बालवाडीत बसवा." तो "ताई, पण इथे नीट..." म्हणेपर्यंत तिनं फोन ठेवला.

मग पुराव्यानिशी चेपावं म्हणून तिनं त्याच प्लेअरवर स्वतःची तपासणीची फाइल लावली. तिच्याच आवाजात एकेका स्पीकरचं नाव. "मधला," असं खिडकीजवळचा उजवा स्पीकर ठणकावून बोलला.

सून टेबलामागे वाकून वायरी मोजायला लागली.

सिनेमावाल्यांची रीत अशी की वायरी डावा, मधला, उजवा अशा ओळीनं लावायच्या. तिचं कामाचं सॉफ्टवेअरही त्याच रीतीनं लावलेलं, म्हणून इतकी वर्षं काही बिघडलं नाही. साधा प्लेअर मात्र आधी डावा-उजवा मोजतो आणि मग मधला; मागचा उजवा तो सगळ्यात शेवटी धरतो, आणि तिची शेवटची वायर त्या धमधम्या स्पीकरला गेलेली. या खोलीत तिनं सिनेमे घडवले होते. तयार सिनेमा बसून कधी बघितलाच नव्हता.

"म्हणजे तुझंच चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "बिचाऱ्याला उगाच झोडपलंस."

"हो," सून म्हणाली. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये जाऊन तिनं कुठला आवाज कुठून निघावा ते सगळं पुन्हा जुळवलं आणि प्रसंग परत लावला.

आता पावलं आली. मागच्या उजव्या कोपऱ्यातून, चपलेच्या फटक्यासकट. सासूबाईंनी मान वळवून मागे बघितलं. चेहरा उजळला आणि तसाच उतरला.

"हे कोण रडतंय माझ्यावर?"

व्हायोलिनं. एकदोन नव्हे, अख्खा ताफा. मघाशी पावलं शोधण्याच्या नादात दोघींचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आता प्रत्येक पावलावर तूप ओतल्यासारखी वाहत होती.

सुनेनं पुन्हा फोन लावला.

"जाऊ द्या हो ताई," दिग्दर्शक आधीच म्हणाला, मोठ्या मनानं. "माफी वगैरे नको. होतं असं."

"वायरी माझ्या चुकल्या होत्या, ते मान्य. त्याची माफी मागून झाली असं समजा. आता व्हायोलिनांचं बोला."

"निर्मात्यांना प्रसंग कोरडा वाटला. आणि ताई, आत्ताच तुम्ही किती खात्रीनं बोलत होतात, आठवा. कान दमतात कधीकधी."

हे तिच्या वर्मी लागलं. पहिला बार तिनं फुकट उडवला होता. तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात सासूबाईंनी फोन काढून घेतला.

"मी जिना उतरलेली बाई बोलतेय," त्या म्हणाल्या. "माझे कान जुने आहेत, पण दमलेले नाहीत. पोरगा गेल्यावर आई उतरते तेव्हा तिच्यामागे वाजंत्री नसते. कोरडं वाटतं ना? वाटायलाच हवं. उतरून बघा."

"आजी, सिनेमा पुढच्या आठवड्यात लागणार..."

"मग आठवडा आहे."

सुनेनं फोन परत घेतला. "बिनसंगीताचा तो तुकडा माझ्याकडे तयार आहे. आत्ता पाठवते."

"पाठवा. ऐकतो."

"ऐकू नका. लावा. नाहीतर माझं नाव काढा, आणि आईंची पावलंही काढा. ती आमच्या घरची आहेत."

तो मागे कुणाशी तरी कुजबुजला. मग म्हणाला, "पाठवा. लावतो."

"तुझ्यावर विश्वास ठेवते," सून म्हणाली. 'तुझ्यावर' ऐकून त्यानं सोडलेला सुटकेचा सुस्कारा फोनबाहेरसुद्धा ऐकू आला.